पिस्ता की अबोली

रंगाऱ्याने भिंतीवर दोन पट्टे ओढले, एक पिस्त्याचा आणि एक अबोलीचा, आणि दोन्हींच्या बरोबर मधे आईच्या डोक्याचा डाग राहिला. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. खिडकीचा उजेड त्या भिंतीवर चांगला पडतो म्हणून त्याने ती निवडली होती. पण पट्टे ओढून तो मागे सरला तेव्हा मला वाटलं, आईला दोन्ही दंडांना धरून कुणीतरी उभं केलंय. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो म्हणाला, पसंत नसलं तर पुसतो की ताई.

दिवाळी तोंडावर आलेली होती आणि मी अकरावीत होते. सावेडीत तेव्हा आमच्या गल्लीच्या पुढे ज्वारीचं रानच होतं. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला ही आतली खोली, एवढंच घर. वडील सुप्याच्या एका कारखान्यात होते आणि कंपनीच्या बसने जात-येत. त्यांच्या पाळीप्रमाणे आमचा दिवस उगवायचा नि मावळायचा.

डाग होता तेलाचा. आई त्या भिंतीला टेकून लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. मांडीवर कुणाच्या तरी साडीची रास, शेजारी रिळांचा डबा. दोरा ओवायची वेळ आली की ती डोकं मागे टेकायची आणि सुई उजेडाकडे धरायची. माका आणि मेथ्या घालून खोबरेल घरीच उकळायची, आणि ते केसांना असं चोपडायची की वेणी कायम ओली वाटावी. चुन्याची भिंत ते तेल वर्षानुवर्षं पीत राहिली. मी आठवीत असताना कावीळ झाली आणि आई गेली. तिच्या बऱ्याचशा साड्या आत्याने वाटून टाकल्या, थोड्या ट्रंकेत राहिल्या. तिचा एक फोटो मोठा करून बैठकीत लावला, पण त्या फोटोत ती घाबरल्यासारखी दिसते आणि मला ती बाई कधी ओळखीचीच वाटली नाही. डाग मात्र ओळखीचा होता.

उन्हाळ्यात भिंत तापली की त्याला वास सुटायचा. पावसाळ्यात तो गडद व्हायचा आणि थोडा पसरायचा, निदान मला तसं वाटायचं. मी त्या खोलीत एकटी झोपायचे, डागाकडे तोंड करून. भीती वाटायची नाही असं नाही, चांगलीच वाटायची. पण भीती वाटली की आई इथेच आहे असंही वाटायचं, आणि म्हणून ती भीती सोडायची माझी तयारी नव्हती.

त्याच वर्षी वैशाखात वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. ती कर्जतकडची. पहिल्या घरी तिला नांदवलं नव्हतं, आणि तेव्हापासून भावाच्या दारात भावजयीच्या हाताखाली राबत तिने दिवस काढले होते. आत्या मला म्हणाली, हिला आई म्हणायचं. मी मावशी म्हणाले. सावत्र आईला मावशी म्हणायची रीतच आहे, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. त्यात भर म्हणून मी तिला अहो-जाहो करायचे. लोकांना वाटायचं, पोरगी किती वळणाची. तो मान नव्हता, ते कुंपण होतं, आणि मावशीला ते पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

लग्नाआधी आत्याने सराफाकडून एक टाक घडवून आणला होता. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. दोन डोळे, नाक आणि डोक्यावर पदर, बस्स. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नाहीतर गेलेली सवत सुखाने नांदू देत नाही म्हणतात. मावशीने तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि मनोभावे सांभाळला. नवी साडी आली की ती आधी टाकापुढे ठेवायची, हात जोडायची, मग नेसायची. आईला ती ‘थोरल्या बाई’ म्हणायची. माझी आई दुसऱ्याच बाईच्या गळ्यात झोके घेते आहे आणि मला तिला हातही लावता येत नाही, या विचाराने माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

पण मावशी त्या आतल्या खोलीत राहायला येईना. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पथारी टाकायची. ती थोरल्या बाईंची खोली, त्यांनी ये म्हटल्याशिवाय कसं जायचं, असं तिचं म्हणणं. झाडायला तेवढी आत यायची आणि झाडून झाल्यावर पाठ न दाखवता उलटी उलटी बाहेर निघायची, देवळातून निघतात तशी. एकदा मी दुपारी कॉलेजातून लवकर आले तर आतून तिचं बोलणं ऐकू आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. दूध नासलं, गवारी आणली ती निबर निघाली, पोरगी नीट जेवत नाही, असं ती हळूहळू सांगत होती. मधेच थांबायची, जणू पलीकडून कुणी काही म्हणतंय, आणि मग ‘व्हय, व्हय’ करायची. मी चपला हातात घेऊन दारात उभी राहिले. अंगावर काटा आला, आणि त्याहून वाईट म्हणजे मला हेवा वाटला. माझ्याशी आई कधी बोलली नव्हती.

बायको चुलीपाशी निजते आणि आपण बैठकीत, याला वडील कंटाळले. आत्याने तोड काढली. खोलीला रंग द्या, जुनं सगळं झाकलं जाईल आणि तिचं भ्याव मोडेल. म्हणजे खोलीला रंग लागला की मावशी आत, मी बैठकीत, आणि डाग नाहीसा. आईचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. मी वडिलांना म्हणाले, पांढरी आहे ती काय वाईट आहे? ते म्हणाले, तुला कुणी विचारलं?

रंगारी बोलका होता आणि तंबाखूच्या पुडीसारखी मतंही खिशात बाळगून होता. पांढऱ्या डिस्टेंपरमधे बाटलीतला गडद रंग थेंबाथेंबाने ढवळून त्याने दोन डबे तयार केले. वडिलांना पिस्ता हवा होता, डोळ्यांना थंड वाटतो आणि त्यांच्या कंपनीच्या कँटीनला तोच होता. रंगारी म्हणाला, पिस्ता म्हणजे दवाखाना, अबोली लावा, घर हसतं. भिंतीवर ओढून बघू, असं ठरलं. पट्टे ओढून झाले तरी निकाल लागेना, म्हणून वडिलांनी मावशीला बोलावलं. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “थोरल्या बाईस्नी इचारा.” रंगारी हसला. थोरल्या बाई कुठे असतात, असंही त्याने विचारलं. मग त्याची नजर तिच्या गळ्यातल्या टाकावर गेली आणि त्याने मुकाट्याने ब्रश धुवायला घेतला. दिवाळीची कामं पडलीत, ठरवा आणि कळवा, असं सांगून तो गेला.

पट्टे वाळले तसे बदलले. सकाळी पिस्ता ताजा दिसायचा आणि अबोली विटलेली. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली उलटं व्हायचं. पिस्त्यावर राख पसरल्यासारखी व्हायची आणि अबोली माणसाच्या कातडीसारखी दिसायची. मधला डाग तेवढा दोन्ही वेळा तोच. दिवे लागायच्या वेळी मी त्या खोलीत जायचं टाळू लागले.

अशाच एका सकाळी मावशी लसूण सोलत बसली होती. मी समोर पुस्तक धरून होते. वर न बघताच तिने विचारलं, “थोरल्या बाईस्नी कंचा रंग आवडायचा?”

मला राग आला. माझ्या आईची चौकशी करणारी ही कोण? आता हिला असं उत्तर द्यावं की पुन्हा विचारायची नाही, म्हणून मी तोंड उघडलं. आईला ना? आईला... आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं. मला माहीत नव्हतं.

माझ्या आईला जितके रंग ओळखता यायचे तितके दुकानदारालाही येत नसतील. साडीचा काठ हातात देऊन ती मला मॅचिंग फॉल आणि दोरा आणायला पाठवायची. मी चिंतामणीला मोरपंखी आणला की तसाच परत धाडायची. गुलबक्षी वेगळा, राणी वेगळा, डाळिंबी त्याहून वेगळा. “उजेडात धरून बघ, मग सांग,” असं म्हणायची. पण तिचे स्वतःचे रंग? मी उठून ट्रंक उघडली. एक भावाने भाऊबीजेला दिलेली, एक कुणाच्या लग्नातल्या मानपानाची, एक आजीच्या दिवसकार्याला आलेली. दुकानात बसून तिने कधी बोट दाखवलं असेल, अशी एकही साडी त्यात नव्हती. मग रिळांचा डबा काढला. ज्या रिळांचा दोरा संपत आला होता ती गिऱ्हाइकांच्या आवडीची, आणि तिला काय आवडत होतं ते त्या डब्यालाही ठाऊक नव्हतं. मावशी दारात उभी राहून बघत होती. 

जेवताना मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, हिरवा असेल, लग्नात हिरवाच होता. लग्नात तर सगळ्यांचाच हिरवा असतो, मी म्हटलं. ते आणखी दोन घास जेवले आणि मग हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली.

“तिनं कवा सांगितलंच न्हाई,” ते म्हणाले.

त्यावर मावशीने त्यांच्या ताटात आमटी वाढली. मला तेव्हा वडिलांची कीव आली नाही, चीड आली. ती माझ्यावरही होती, पण दुसऱ्यावर काढायला सोपी असते.

दुसऱ्या दिवशी मावशीने कौल लावायचं ठरवलं. त्यांच्या गावात देवीला कौल लावतात. दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा, पडेल ती पाकळी उत्तर. डोक्यावरून अंघोळ करून ती आत आली आणि डागाच्या बरोबर खाली पाट मांडून त्यावर तांदळाची रास घातली. गळ्यातला टाक काढून त्यात उभा केला. एरवी ती तो अंगावरून काढत नसे, त्यामुळे तिचा गळा फार उघडा वाटत होता. शेवंतीच्या दोन पाकळ्या भिजवून तिने टाकाच्या दोन्ही कडांना, खांद्यांच्या जागी, लावल्या आणि मला हाक मारली.

“तू बस म्होरं. तू त्यांची हायेस. तुज्याशी बोलतील.”

मी बसले. खरं तर मजा बघायलाच बसले होते. ती हात जोडून म्हणाली, थोरल्या बाई, उजवी पडली तर पिस्ता, डावी पडली तर अबोली, मनात असेल ते मोकळं करा. पाकळ्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून पंखा बंद होता. आश्विनातलं ऊन, खिडकी लावलेली, आणि आम्ही दोघी घामाने निथळत त्या रुपयाएवढ्या तोंडाकडे बघत होतो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात विनवते आहे. कुठलीच पाडू नकोस. नको म्हण. मग वास आला. माका आणि मेथ्यांचा, उकळलेल्या तेलाचा. आमच्या घरात ते तेल आई गेल्यापासून कुणी केलं नव्हतं. भिंत तापली असेल, असं आज म्हणता येतं. तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि मी मावशीकडे बघितलं तर तिचे डोळे भरले होते. तिलाही तो येत होता. आम्ही दोघींनीही मागे वळून बघितलं नाही.

तेवढ्यात पहिली पाळी सुटून वडील आले. शर्टाची बटणं काढत ते सरळ आतल्या खोलीत शिरले. एवढ्या उकाड्यात पंखा बंद करून काय बसलात, असं म्हणत त्यांनी सवयीने बटण दाबलं. पंखा गरगरला, दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या आणि भिंतीच्या कडेला जाऊन पडल्या. वडिलांना पाट दिसला, टाक दिसला, आणि त्यांचा हात बटणावरच राहिला. दुसऱ्या कुठल्या घरी याचं हसू झालं असतं. आमच्याकडे कुणी हसलं नाही.

मावशी टाकाकडे वाकली. मग तिने तो उचलला, पदराने पुसला आणि दोरा गळ्यात घालता घालता म्हणाली,

“जित्या हुत्या तवा कुनी इचारलं न्हाई. आता इचारल्यावर सांगतील व्हय? अबोला धरलाय त्यांनी.”

वडील खाली बघत होते. मला रडू येत होतं आणि ते कुणासमोर रडायचं नव्हतं. अबोला धरलाय म्हटल्यावर अबोलीच लावा, मावशी म्हणाली, आणि तांदूळ गोळा करायला लागली. अशा तऱ्हेने आमच्या खोलीचा रंग ठरला.

रंगारी आला तो खरडायची पत्री घेऊन. डाग खरडायचा, खड्ड्यात लांबीचा लगदा भरून भिंत सपाट करायची, मग रंगाचे दोन हात द्यायचे, असं त्याचं गणित होतं. मावशी भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. त्या भिंतीकडे पाठ करून ती पहिल्यांदाच उभी होती.

“खरडू नगा. वरनंच लावा.”

तेल वर येतं, मग मला बोल लावायचा नाही, असं त्याने बजावलं. येऊ द्या, ती म्हणाली. मला वाटलं, लवकर उरकावं म्हणून म्हणत असेल. तिच्याबद्दल बरं काही वाटून घ्यायची मला सवय नव्हती. पहिल्या हातात डाग फिका झाला, दुसऱ्या हातात गेला. भिंत सगळीकडे सारखी झाली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईला दुसऱ्यांदा नेलं होतं, आणि या वेळी खांदा द्यायला गल्लीतलं कुणी आलं नव्हतं.

दिवाळीत माझं अंथरूण बैठकीत आलं, त्या घाबरलेल्या फोटोखाली. मावशी आतल्या खोलीत गेली. मी त्या खोलीचं दार ओलांडत नसे. काही हवं असलं तर बाहेरून मागायचे, आणि मागतानाही अहो-जाहो करायचे.

चैत्र सरत आला होता. दुपारची वेळ, वडील कामावर. आतून मावशीची हाक आली. आवाज शांत होता, पण त्या हाकेत असं काही होतं की मी उठले.

“इकडं ये गं. आल्या बघ.”

अबोलीच्या भिंतीवर, त्याच जागी, चहाचा थेंब कागदावर फुटावा तसा एक फिकट तपकिरी गोल उमटला होता. कडा अजून धूसर होत्या. मी जवळ गेले, नाक लावलं. वास होता. मी तिथेच खाली बसले आणि भिंतीला कपाळ टेकून रडले, मोठ्याने, लाज सोडून. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते. मावशी माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होती. तू येणार हे मावशीला माहीत होतं, असं मला आईला सांगावंसं वाटलं. म्हणूनच हिने खरडू दिलं नाही.

डोळे पुसले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. मावशीची पथारी समोरच्या भिंतीला होती. इतके महिने या खोलीत राहून ती एकदाही या भिंतीला टेकली नव्हती. मी म्हटलं, टेका की. ती म्हणाली, नको, ती त्यांची जागा. डाग दोघींच्या मधे ठेवून ती माझ्या शेजारी बसली, पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी धरून.

मी त्या भिंतीकडे बघत होते. वडिलांनी त्यांना काय हवं ते सांगितलं होतं, रंगाऱ्यानेही. मी न विचारता सांगितलं होतं. गेलेल्या बाईलासुद्धा पाटावर बसवून विचारून झालं होतं. मग मी वळले.

“मावशी, तुला कुठला हवा होता गं?”

‘तुला’ म्हटलेलं तिने ऐकलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी दुसऱ्याच कुणाला विचारलं असावं. “मला?” ती म्हणाली. मग तिने डागाकडे पाहिलं, गळ्यातला टाक मुठीत गच्च झाकून घेतला, माझ्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली,

“पिस्ता.”